बोटांखालची बाराखडी
देवनागरी टंकलेखन यंत्रावर ‘शिव’ असा उमटे: आधी ऱ्हस्व वेलांटी, मग अर्धा श, काना, शेवटी व. यंत्र डोळ्यांना दिसणारे आकार जोडत होते. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने इन्स्क्रिप्ट कळफलक प्रमाणित केला आणि बोटे उच्चारामागून चालू लागली: श, वेलांटी, व. स्वर डावीकडे, बहुतेक व्यंजने उजवीकडे. ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ख’. बंगाली, कन्नड, तमिळ ‘क’चीही कळ तीच. म्हणून मराठीवर तयार झालेली माझी बोटे कन्नड अक्षरेही शोधू शकतात. आज फोनवर अनेकजण रोमन अक्षरांतून मराठी लिहितात. त्यात सोय आहे, हे मी नाकारत नाही. पण आपल्या लिप्या एका घरातल्या आहेत, हे बोटांना आता कळत नाही.