रंग नसलेला पुरावा

आजची गोष्ट चोरीची आहे. पण खरं सांगू का, मला त्यातल्या चोरांपेक्षा फोटोंमध्येच जास्त रस आहे.

पॅरिसमध्ये २१, रू ला बोएसी या पत्त्यावर पॉल रोझेनबर्ग यांची गॅलरी होती. पिकासो, ब्राक, मातीस, सगळे त्यांच्याकडे. पिकासो तर शेजारच्याच इमारतीत राहायचा. गॅलरीत येणाऱ्या चित्रांचे रोझेनबर्ग फोटो काढून ठेवत, नोंद करत. काचेच्या निगेटिव्ह, ब्लॅक अँड व्हाईट. हे सगळं धंद्यासाठी होतं. आम्ही डेटाबेसवाले याला सरळ रेकॉर्ड म्हणू.

१९४० मध्ये जर्मन फौजा आल्या. रोझेनबर्ग ज्यू होते. ते कुटुंबासह पोर्तुगालमार्गे न्यूयॉर्कला निसटले. मागे राहिलेली सुमारे ४०० चित्रं नाझींनी लुटली. त्यातली १६२ एकट्या लिबूर्न गावातल्या बँकेच्या तिजोरीतून. आणि गॅलरीच्या इमारतीत कोण येऊन बसलं? ज्यूंविरुद्ध प्रचार करणारी संस्था! हे वाचल्यावर मी जरा वेळ फोन बाजूला ठेवला.

ऑगस्ट १९४४. पॉल यांचा मुलगा अलेक्झांडर फ्री फ्रेंच सैन्यात लेफ्टनंट होता. पॅरिसजवळ त्याच्या तुकडीने जर्मनीला निघालेली मालगाडी अडवली. पेट्या उघडल्या, तर आत काही चित्रं त्याच्याच घरच्या भिंतींवरची! त्याला फोटोची गरज नव्हती. बघताक्षणी ओळखली.

पण पॉल १९५९ मध्ये गेले, पुढे अलेक्झांडरही गेला. ज्यांनी ही चित्रं भिंतीवर कधी पाहिलीच नाहीत, त्या नातवंडांनी ओळखायची कशी? इथे त्या जुन्या नोंदी कामाला आल्या. मातीसचं १९३७चं एक चित्र, शेकोटीपुढे निळ्या कपड्यातली बाई, नॉर्वेच्या हेनी ऑनस्टाड संग्रहालयात होतं. ते १९५०च्या सुमारास पॅरिसमध्ये विकत घेतलेलं, चोरीचं आहे हे न कळता. नॉर्वेच्या कायद्याने दहा वर्षांहून जास्त काळ प्रामाणिकपणे बाळगलेली वस्तू संग्रहालयाचीच ठरत होती. तरी २०१४ मध्ये त्यांनी ते परत दिलं. मला हे फार मोठं वाटतं. २०१५ मध्ये मातीसचं आणखी एक चित्र परत आलं. ते सापडलं होतं म्युनिकच्या एका फ्लॅटमध्ये.

काही डझन चित्रं अजून बेपत्ता आहेत. मातीससारखा रंगांचा माणूस, आणि त्याचं चित्र शोधायचं बिनरंगी फोटोवरून!