बोहाड्यातले योद्धे आणि सोंगाचे नेम

बोहाडा हा पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातला मुखवट्यांचा उत्सव. जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड तालुक्यांतल्या गावांत तो रात्री रंगतो. घाटावर नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भागांत आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातही त्याची रूपे आढळतात. काही ठिकाणी त्याला भोवाडा म्हणतात, तर काही गावांत तो जगदंबेचा उत्सव म्हणूनच ओळखला जातो. शिमग्यापासून वैशाखापर्यंत शेतात काम नसते. त्या काळात प्रत्येक गाव आपापल्या ठरलेल्या दिवशी बोहाडा भरवते. कोकणा, वारली, महादेव कोळी आणि ठाकर समाजांबरोबर गावातले इतर लोकही त्यात भाग घेतात.

इंग्रजी अमलात हा मुलूख दोन सत्तांत विभागलेला होता. जव्हार हे मुकणे घराण्याचे महादेव कोळी संस्थान, तर मोखाडा ठाणे जिल्ह्यातला इंग्रजी मुलूख. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि दोन्ही भाग ठाणे जिल्ह्यात एकत्र आले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. बोहाड्याने मात्र यातली कोणतीही सीमा कधी मानली नाही. त्याला लिखित संहिता नाही. रामायण, महाभारत आणि पुराणांतल्या कथा ऐकून माहीत झालेल्या, आणि पावले मागच्या पिढीकडून पुढच्या पिढीकडे आलेली.

उत्सवाचा क्रम बांधलेला असतो. आरंभी गणपती येतो, मग शारदा. त्यानंतर रात्रभर एकामागून एक सोंगे येतात. बावन्न सोंगांचा उल्लेख परंपरेत होतो, पण प्रत्यक्षातली संख्या गावागावांत कमीजास्त असते. सोंग संवाद फारसे बोलत नाही. संबळ आणि पिपाणी किंवा सनई हेच त्याचे बोलणे. वाजंत्री चाल बदलतात आणि प्रेक्षकांना पुढचे सोंग कोणते ते कळते. पूर्वी उजेड टेंभ्यांचा असे.

यांतली बरीच सोंगे लढणाऱ्या देवांची आणि त्यांच्या शत्रूंची असतात. राम, लक्ष्मण, मारुती, भीम, नरसिंह, खंडोबा एका बाजूला. रावण, बकासुर, हिरण्यकशिपू, महिषासुर दुसऱ्या बाजूला. युद्ध म्हणजे समोरासमोर पावले टाकत पुढे सरकणे, मागे हटणे, गोल फिरणे आणि शस्त्राला शस्त्र लावणे. शेवटच्या रात्रीनंतर पहाटे देवी येते आणि महिषासुराचा वध करते. निकाल आधीच ठरलेला असतो आणि तो बदलण्याची मुभा कोणालाही नसते. त्यामुळे देवाने न्यायाने वागावे की नाही हा प्रश्न बोहाड्यात उभाच राहत नाही. प्रश्न असतो तो देवाचे सोंग घेणाऱ्या माणसाने कसे वागावे याचा.

नेम या माणसासाठी असतात. अनेक गावांत ठरावीक सोंग ठरावीक घराकडे वंशपरंपरेने असते. काही ठिकाणी सोंगांचा लिलाव होतो आणि ती रक्कम उत्सवाच्या खर्चाला लागते. सोंग घराण्याचे असले की ते घेणे हा मान असतो आणि कर्तव्यही. देवतेचे, विशेषतः देवीचे सोंग घेणारा त्या दिवशी उपवास करतो आणि सोवळेपणा पाळतो. मुखवटा चढवण्याआधी त्याची पूजा होते, नारळ फुटतो. हलक्या लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे हे मुखवटे एरवी जपून ठेवलेले असतात. राक्षसाच्या मुखवट्यालाही हाच मान मिळतो. रावणाचे सोंग घेणाऱ्याला कोणी वाईट मानत नाही. त्याच्यावाचून रामाचे सोंग उभे राहणार नाही हे गावाला ठाऊक असते.

मुखवटा चढला की माणूस देवाच्या ठायी धरला जातो. लोक त्याच्या पाया पडतात, बाया देवीची ओटी भरतात, नवस फेडतात. नरसिंह किंवा देवीसारख्या उग्र सोंगाच्या अंगात संचार झाला असे मानले जाते, म्हणून बरोबरचे लोक त्याला धरून असतात. जड मुखवट्यातून नीट दिसत नाही, हेही त्याचे एक कारण. संचार कितीही तीव्र असो, सोंगाने आखाडा सोडायचा नसतो आणि वाद्याची चाल मोडायची नसते. नियम राखणारा कोणी एक पंच नसतो. वाजंत्री, सोबती, घरातली वडीलधारी मंडळी आणि पाहणारे गाव मिळून तो राखतात.

पवित्र योद्ध्याची भूमिका आणि तिच्यावरचे नियम यांचा विचार अमेरिकेतल्या भूमिका-खेळांनी अगदी वेगळ्या अंगाने केला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये निघाला आणि १९७५ च्या पुरवणीत पॅलाडिन हे धर्मयोद्ध्याचे पात्र आले. १९७८ च्या नियमपुस्तकाने त्याच्यावर कडक बंधने घातली. जाणूनबुजून दुष्कृत्य केले तर त्याचे पद कायमचे जाई. त्याने उत्पन्नाचा निदान दशांश दान करावा आणि जादूच्या वस्तू दहापेक्षा जास्त बाळगू नयेत, असेही ठरले. हे सारे नियम पात्रासाठी होते. खेळणाऱ्याने घरी काय खावे, काय पाळावे याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. कथेचा शेवट मोकळा असल्यामुळे पात्र चुकू शकत होते, आणि ते चुकले की नाही यावर खेळणारा आणि खेळ चालवणारा यांच्यात वाद होत. २०१४ च्या आवृत्तीत एका ठरीव नीतीऐवजी पात्राने निवडायच्या निरनिराळ्या शपथा आल्या. बोहाड्यात असा वाद होत नाही, कारण तिथे पात्राला निवडच नसते. निवड आणि जबाबदारी दोन्ही माणसाकडे असतात.

गेल्या काही दशकांत या नेमांभोवतीची परिस्थिती पालटली आहे. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे बोईसर परिसरात औद्योगिक वसाहत वाढली. जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर आणि कारखान्यांत कामाला उतरतात आणि शिमग्याला गावी परततात. घराण्याचे सोंग घेणारा माणूस त्या रात्री गावात असायलाच हवा, त्यामुळे उत्सवाची तारीख आणि मजुरीचे दिवस यांची सांगड घालावी लागते. टेंभ्यांच्या जागी विजेचे दिवे आले, मुखवट्यांचे रंग बाजारातून येऊ लागले, आणि जव्हार भागातले कारागीर शहरांतल्या ग्राहकांसाठीही मुखवटे घडवू लागले. विक्रीच्या मुखवट्याला पूजा नसते आणि उपवासही नसतो. ते नेम आखाड्यात उतरणाऱ्या मुखवट्यापुरतेच राहिले आहेत.