फेसावर तरलेला फ्लोरिन

फ्लोरिनयुक्त फ्लोटेशन-रसायनांच्या विषयात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी फ्लोटेशनच्या, म्हणजे फेसावर खनिज तरवण्याच्या, सेलपाशी उभं करतो. पिठासारखा दळलेला दगड पाण्यात घुसळला जात असतो, खालून हवा सुटत असते आणि वर आलेला फेस काठावरून पन्हळीत ओघळत असतो. तो बोटांवर चोळला की बारीक कचकच लागते. तेच आपलं खनिज. कलेक्टरच्या, म्हणजे खनिजाला चिकटणाऱ्या रसायनाच्या, रेणूचं एक टोक कणाला धरतं, दुसरी कार्बनची शेपटी पाण्याकडे पाठ फिरवते. मग कण बुडबुड्याला बिलगून वर येतो. 1925 मध्ये झँथेट या कलेक्टरचं पेटंट झालं आणि सल्फाइड धातुकांच्या कारखान्यांत आजही राज्य त्याचंच आहे.

त्या शेपटीतले हायड्रोजन काढून तिथे फ्लोरिन बसवला तर? नॉनस्टिक तव्यावर पाणी थेंब धरतं आणि तेलही नीट पसरत नाही, तसं ही शेपटी दोघांनाही जवळ येऊ देत नाही. पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे 72 मिलिन्यूटन. साधा साबण तो तिशीच्या आसपास आणतो, फ्लोरिनयुक्त पृष्ठसक्रियकं पंधरा-वीसपर्यंत. शिवाय फ्लोरिन शेजारच्या आम्लगटाला इतकं तीव्र करतो की ओलेइक आम्ल या साध्या कलेक्टरचं आयनीभवन थांबतं तशा आम्लधर्मी गाळातही हा रेणू आयनरूपात राहतो. मला या विषयाची ओढ लागली ती या एका गोष्टीमुळे.

गंमत म्हणजे हा फ्लोरिन मुळात फेसावर तरूनच आलेला असतो. तो मिळतो फ्लोरस्पार या खनिजापासून. गुजरातेत आंबाडुंगरचं फ्लोरस्पार कडीपाणीच्या कारखान्यात शुद्ध करत. हायड्रोफ्लोरिक आम्लासाठी ते 97 टक्के शुद्ध लागतं, आणि तिथवर पोचवणारा नेहमीचा कलेक्टर म्हणजे बिचारं ओलेइक आम्लच!

पण कार्बन-फ्लोरिनचा बंध सहजी तुटत नाही, आणि कारखान्याचं पाणी टेलिंगच्या, म्हणजे उरलेल्या गाळाच्या, तळ्यातून पुन्हा सेलमध्ये फिरतं. टिकाऊ प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत 2009 मध्ये पीएफओएस आलं, 2019 मध्ये पीएफओए; दोन्ही लांब शेपटीची फ्लोरिनयुक्त रसायनं. त्यामुळे पुस्तकांतली लांब शेपटीच्या रेणूंवरची प्रकरणं रेणू कसा वागतो हे समजण्यासाठी वाचावीत. कारखान्यात ओतायची कृती म्हणून नव्हे. आखूड शेपट्यांबद्दलही मी फारसा निर्धास्त नाही. त्या पाण्याबरोबर आणखी लांब जातात.

प्रयोगाला बसणाऱ्यांना एकच सांगणं: या रसायनांचे बीकर वेगळे ठेवा, त्यांवर लाल पट्टी लावा. धुऊन लख्ख दिसणाऱ्या बीकरमध्ये साधं पाणी हलवून बघा. फेस आलाच, तर तो बीकर पुढच्या चाचणीला घेऊ नका.