रकान्याचे नाव आणि हिशेबाचे सूत्र : सिद्धेश्वर लाभक्षेत्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर धरण हे पूर्णा नदीवर येलदरीच्या खालच्या बाजूस असून ते १९६८ साली पूर्ण झाले. कालव्याच्या पाण्याबरोबर पाणीपट्टीचा हिशेबही येतो. पीक, हंगाम व क्षेत्र यांवर पाणीपट्टी ठरते. कागदी नोंदवहीत कोणत्याही आकड्याला अर्थ येतो तो रकान्याच्या शीर्षकामुळे. संगणकीय हिशेबात हे शीर्षक मागे का पडले व पुन्हा कसे आले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शीर्षकाचा लोप :
१९७९ साली डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचे ‘व्हिसिकॅल्क’ बाजारात आले. त्यात प्रत्येक चौकट स्तंभाचे अक्षर व ओळीचा क्रमांक यांनी ओळखली जाई. परिणामी ‘क्षेत्र गुणिले दर’ हा हिशेब ‘सी२ गुणिले डी२’ असा झाला. सूत्र वाचून हिशेब कशाचा आहे हे कळेनासे झाले. शिवाय शंभर ओळींच्या बेरजेखाली नव्या खातेदाराची ओळ जोडली, तर ती बेरजेबाहेर राहण्याचा धोका असे.

शीर्षकाचे पुनरागमन :
‘एक्सेल २००७’ मध्ये संरचित संदर्भांची सोय झाली. माहितीस तक्त्याचे रूप दिले की सूत्र =[@क्षेत्र]*[@दर] असे लिहिता येते. येथे ‘@’ म्हणजे त्याच ओळीतील किंमत होय. तक्त्याला लागून नवी ओळ लिहिताच तक्ता वाढतो आणि संपूर्ण रकान्याच्या बेरजेत तिचा समावेश होतो.

मर्यादा :
तथापि नाव म्हणजे एकक नव्हे. हेक्टर-आरमध्ये १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर. १०० आरांचा एक हेक्टर असल्याने दशांश अपूर्णांक बरोबर ठरतो. एकर-गुंठ्यांत मात्र १.२० म्हणजे १ एकर २० गुंठे, अर्थात दीड एकर. कारण एकराचे गुंठे ४०. संगणक त्यास १.२ एकर मानतो व १२ गुंठ्यांचा फरक पडतो. सूत्र निर्दोष असूनही आकारणी चुकते.

निष्कर्ष :
संरचित संदर्भ हे नोंदवहीच्या जुन्या शिस्तीचेच नवे रूप आहे. मात्र शीर्षकात ‘क्षेत्र’ एवढेच न लिहिता एककही लिहिणे आवश्यक आहे. आपला हिशेब स्वतः वाचून तपासता येणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि त्याची सुरुवात रकान्याच्या नेमक्या नावापासून होते.