नामपट्टी हरवलेली रोहित्रे

जुना व्हॉल्व्ह-रेडिओ भंगारात गेला, की त्यातील रोहित्राचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे, मोल तांबे-लोखंडाच्या वजनावर ठरते. गिटारसाठी व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर बांधू पाहणारा विद्यार्थी मात्र ते जपून उचलतो. अडचण एवढीच, की त्यावर बहुधा काहीच लिहिलेले नसते. पुष्पिका हरवलेल्या पोथीचा काळ अंतर्गत पुराव्यावरून ठरवावा लागतो. रिद्धपूरच्या परिसरात राहणाऱ्या आपल्याला हे नवे नाही.

येथे पहिला पुरावा व्हॉल्व्हच्या नावाचा. युरोपीय पद्धतीत त्यातील आद्याक्षर वीजपुरवठा सांगते. ‘डी’ असेल, तर संच बॅटरीवरचा. ‘यू’ असेल, तर एसी आणि डीसी दोन्हींवर चालणारा, बहुधा रोहित्राविना. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा तापक आणि बहुधा रोहित्र. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले, तेव्हा वऱ्हाडातील असंख्य खेड्यांत वीज नव्हती. तेथे बॅटरीचाच आधार होता. अमरावती-अकोल्यातील एखाद्या घराच्या रेडिओत सापडलेले रोहित्र त्यामुळे त्या घरातील एसी विजेचीही साक्ष देते.

दुसरा पुरावा मोजमापाचा. रोध मोजला, की गुंडाळ्या वेगळ्या होतात: तापकाची जाड तारेची, एका ओहमहूनही कमी, प्राथमिक काही दशक ओहमांची, उच्चदाबाची बारीक तारेची, शेकड्यांत. मग प्राथमिक गुंडाळीस विलग स्रोतातून केवळ २३ व्होल्ट एसी द्यावेत. मध्यबिंदूपासून दोन्ही टोकांस साडेसत्तावीस भरले, तर २३० व्होल्टला ते २७५-०-२७५ होते. थेट घरच्या विजेवर हा प्रयोग जिवावर बेतू शकतो. शिवाय व्होल्ट जुळले, तरी प्रवाह पेलेलच असे नाही. गाभ्याचा आकार आणि मूळ व्हॉल्व्हची गरज पाहावी लागते. व्हॉक्स एसी-३० या प्रसिद्ध ब्रिटिश गिटार-अॅम्प्लिफायरमध्ये चार ईएल८४ व्हॉल्व्ह असतात. घरगुती रेडिओचे रोहित्र बहुधा तसल्या एकाचाच भार वाहू शकते.

येथेच खरा पेच आहे. भंगारापासून रोहित्र वाचवणारा हातच रेडिओ मोडत असतो. म्हणून ते काढण्यापूर्वी संचाचे नाव, व्हॉल्व्हचे क्रमांक आणि डायलवरील केंद्रांची नावे टिपून ठेवावीत. एरवी अॅम्प्लिफायर वाजेल. पण ते घर कोणत्या विजेवर काय ऐकत होते, हे सांगणारे काही उरणार नाही.