स्टेडियमचा खर्च कोणी उचलायचा? लंडनच्या तीन क्लबांचा इतिहास

#थ्रेड
१/ १९९१-९२ च्या हंगामात पूर्व लंडनमधील अप्टन पार्क या मैदानावर दोन फुटबॉल क्लब खेळत होते. वेस्ट हॅम युनायटेड घरमालक, तर चार्लटन ॲथलेटिक भाडेकरू. त्याच सुमारास दोन्ही क्लबांनी स्टेडियमसाठी समर्थकांपुढे हात पसरला. वेस्ट हॅमचे समर्थक निषेधासाठी मैदानात उतरले. चार्लटनच्या समर्थकांनी मात्र दहा लाखांहून अधिक पौंड उभे केले. एकाच शहरात, एकाच काळात एवढा फरक का पडला?

२/ आधी पार्श्वभूमी. इंग्लंडमधील बहुतेक जुन्या मैदानांवर सामान्य प्रेक्षक काँक्रीटच्या उतरत्या पायऱ्यांवर उभे राहून सामना पाहत. तिकीट स्वस्त, गर्दी दाट. या पायऱ्यांवर कामगार वस्त्यांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. क्लबाकडे पैसा आला की तो प्रथम खेळाडूंवर खर्च होई. छप्पर, स्वच्छतागृहे, बाहेर पडण्याचे मार्ग यांचा क्रमांक बहुधा शेवटचा असे.

३/ या दिरंगाईची किंमत ११ मे १९८५ रोजी ब्रॅडफर्डमध्ये मोजावी लागली. लाकडी स्टँडखाली वर्षानुवर्षे साचलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि ५६ जणांचा मृत्यू झाला. त्या कचऱ्याबद्दल क्लबाला आधी लेखी इशाराही मिळाला होता. हंगाम संपताच तो स्टँड पाडला जाणार होता. नव्या बांधकामाचे पोलादही येऊन पडले होते. हंगामाचा शेवटचा सामना तेवढा उरला होता.

४/ १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे समर्थक कुंपणबंद पायऱ्यांवर चेंगरले गेले. या दुर्घटनेतील बळींची संख्या आज ९७ मानली जाते. न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीत मुख्य दोष पोलिसांच्या गर्दी-नियंत्रणाचा ठरला. जानेवारी १९९० मधील अंतिम अहवालात त्यांनी मोठ्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला आसन असावे, अशी शिफारस केली. वरच्या दोन विभागांसाठी ऑगस्ट १९९४ ही मुदत ठरली.

५/ आसनांच्या निमित्ताने गरीब प्रेक्षक मैदानाबाहेर फेकला जाऊ नये, हेही टेलर यांच्या मनात होते. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचे उदाहरण त्यांनी दिले: तिथे आसनाचे तिकीट ६ पौंड, तर उभ्याचे ४ पौंड होते. १९९० च्या अर्थसंकल्पात सरकारने फुटबॉल पूल्स या सट्ट्यावरील कर ४२.५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणला. वाचलेली रक्कम, म्हणजे पाच वर्षांत सुमारे १० कोटी पौंड, मैदानांच्या सुधारणेसाठी राखली गेली. तरीही ती सर्व क्लबांना पुरणारी नव्हती.

६/ उरलेला पैसा कोठून आणायचा? काही क्लबांनी ‘बाँड’ची युक्ती काढली. आर्सेनलने नव्या नॉर्थ बँक स्टँडसाठी ११०० आणि १५०० पौंडांचे बाँड विक्रीला काढले. पाठोपाठ नोव्हेंबर १९९१ मध्ये वेस्ट हॅमने ‘हॅमर्स बाँड’ जाहीर केला. किमती ५००, ७५० आणि ९७५ पौंड. एकूण १९,३०१ बाँड विकून सुमारे दीड कोटी पौंड उभे करण्याचा बेत होता.

७/ खरी मेख पुढे होती. या पैशात सामना पाहायला मिळणार नव्हता. बाँडधारकाला हंगामी तिकीट विकत घेण्याचा केवळ हक्क मिळणार होता. तिकिटाचे पैसे वेगळे. क्लबाच्या मालकीत वाटा नाही, कारभारात मत नाही. दोन मुलांना घेऊन येणाऱ्या बापाला सर्वांत स्वस्त बाँडांसाठीही १५०० पौंड भरावे लागणार होते, आणि तेही पहिले तिकीट काढण्याआधी.

८/ वेस्ट हॅमचा उगम १८९५ सालच्या थेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणी कारखान्याच्या संघात आहे. मैदानाभोवतीची वस्ती कष्टकऱ्यांची. त्यात १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये मंदी होती. सुरक्षित मैदान कोणाला नको होते? पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या जागी उभे राहिलो, तिथे बसण्याच्या परवानगीसाठी पैसे मोजायचे आणि मालमत्ता मात्र दुसऱ्याची वाढायची, हा व्यवहार समर्थकांना अपमानास्पद वाटला.

९/ २९ फेब्रुवारी १९९२ रोजी एव्हर्टनविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षक मैदानात उतरले. त्यांपैकी एक जण कोपऱ्यावरचा झेंडा उपटून मैदानाच्या मध्यभागी जाऊन बसला. बाँडांची विक्री अगदीच नगण्य झाली. संघ त्या हंगामात तळाशी राहिला आणि नव्याने सुरू होणाऱ्या प्रीमियर लीगच्या पहिल्या हंगामाला मुकला.

१०/ आता त्याच मैदानावरच्या भाडेकरूकडे वळू. चार्लटनचे स्वतःचे मैदान ‘द व्हॅली’. १९३८ मध्ये तिथे एका सामन्याला ७५,०३१ प्रेक्षक आले होते. पण मैदानाची मालकी क्लबापासून वेगळी झाली, पूर्वेकडच्या अवाढव्य पायऱ्या सुरक्षेच्या कारणाने बंद झाल्या आणि सप्टेंबर १९८५ मध्ये क्लबाने व्हॅली सोडली. प्रथम क्रिस्टल पॅलेसचे सेलहर्स्ट पार्क आणि मग १९९१ पासून अप्टन पार्क असा त्याचा परक्या घरी संसार चालला.

११/ रिकाम्या व्हॅलीत तण माजले. समर्थकांनी ते स्वतः उपटले. १९९० च्या आरंभी ग्रेनिच परिषदेने मैदानाच्या पुनर्बांधणीला नकार दिला, तेव्हा त्यांनी ‘व्हॅली पार्टी’ स्थापन करून मे महिन्यातील निवडणूक जवळपास सर्व जागांवर लढवली. एकही जागा मिळाली नाही. पण १४,८३८ मते, म्हणजे सुमारे ११ टक्के, पदरात पडली. परिषदेच्या नियोजन समितीच्या अध्यक्षांना मात्र आपली जागा गमवावी लागली. पुढच्याच वर्षी पुनर्बांधणीला परवानगी मिळाली.

१२/ आता प्रश्न पैशांचा होता. क्लबाने ‘व्हॅली इन्व्हेस्टमेंट प्लॅन’ मांडला. त्यात पैसे घालणाऱ्यांना हंगामी तिकिटात सवलत होती आणि संचालक मंडळावर समर्थकांचा प्रतिनिधी निवडून देण्याचा हक्कही होता. ५ डिसेंबर १९९२ रोजी क्लब घरी परतला. पोर्ट्समथविरुद्ध कॉलिन वॉल्शने गोल केला आणि चार्लटनने तो सामना १-० असा जिंकला.

१३/ तिसरे उदाहरण चेल्सीचे. १९७४ मध्ये उभारलेल्या तीनमजली ईस्ट स्टँडच्या खर्चाने क्लब कर्जात बुडाला. पुढे स्टॅमफर्ड ब्रिजची जमीन बांधकाम व्यावसायिकांच्या हाती गेली आणि मैदानच नाहीसे होण्याची वेळ आली. हा धोका कायमचा टाळण्यासाठी १९९३ मध्ये ‘चेल्सी पिच ओनर्स’ ही कंपनी निघाली. शंभर पौंडांचा एक भाग समर्थकांनी विकत घ्यायचा आणि मैदानाची जमीन सर्वांनी मिळून राखायची. क्लब दुसरीकडे गेला, तर ‘चेल्सी फुटबॉल क्लब’ हे नावही त्याला सहजासहजी नेता येणार नाही, अशी तजवीज केली गेली.

१४/ ऑक्टोबर २०११ मध्ये अब्जाधीश मालक रोमन अब्रामोविच यांच्या क्लबाने ती जमीन परत घेण्याचा प्रस्ताव मांडला. मंजुरीसाठी ७५ टक्के मते हवी होती, पडली ६१.६ टक्के. बहुमत बाजूने असूनही प्रस्ताव फेटाळला गेला. नवे, मोठे स्टेडियम अनेकांना हवेच होते. पण नव्या मैदानाचा आराखडा हाती येण्याआधी जुन्याची किल्ली द्यायला पुरेसे भागधारक तयार झाले नाहीत.

१५/ समर्थक भावनिक असतात, त्यांना खर्चाचा हिशेब कळत नाही, असे म्हटले जाते. हा इतिहास वेगळे सांगतो. चार्लटनच्या चाहत्यांचे खिसे वेस्ट हॅमच्या चाहत्यांपेक्षा जड नव्हते. फरक व्यवहाराच्या अटींत होता: एका ठिकाणी समर्थकाला ग्राहक मानून शुल्क मागितले गेले, तर दुसऱ्या ठिकाणी भागीदार मानून वाटा देण्यात आला.

१६/ चार्लटन आजही व्हॅलीत खेळतो आणि स्टॅमफर्ड ब्रिजची जमीन आजही समर्थकांच्या कंपनीकडे आहे. वेस्ट हॅमने २०१६ मध्ये अप्टन पार्क सोडले आणि ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या लंडन स्टेडियममध्ये तो भाडेकरू झाला. १० मार्च २०१८ रोजी बर्नलीविरुद्धच्या सामन्यात तिथेही संतप्त प्रेक्षक मैदानात उतरले. त्यांपैकी एकाने कोपऱ्यावरचा झेंडा उपटला आणि १९९२ प्रमाणेच तो मैदानाच्या मध्यभागी नेला.