शेतातली गोल नक्षी, कोकणातली कातळशिल्पं आणि एलियनचा विषय

पिवळ्याधमक गव्हाच्या शेतात एका रात्रीत उमटलेली भलीमोठी नक्षी, ड्रोनने काढलेला फोटो आणि खाली एकच ओळ, 'हे माणसाचं काम नाही.' अशी पोस्ट तुमच्या फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी येऊन गेली असेल. त्याच कॅप्शनखाली हल्ली दुसराही एक फोटो फिरतो. राजापूरच्या सड्यावर कोरलेला माणूस, हत्ती, चौकटीत बसवलेली नक्षी. फक्त 'इंग्लंड'च्या जागी 'आपलं कोकण'.

दोन्ही फोटो खरे आहेत, पण दोन्हींचा विषय पार वेगळा आहे. तो एकत्र केला की नुकसान कोकणाचं होतं. कसं, ते बघू.

आधी इंग्लंड. १९८० च्या दशकात दक्षिण इंग्लंडमधल्या शेतांत हे गोल म्हणजे क्रॉप सर्कल गाजायला लागले. पीक कापलेलं नसायचं, एका दिशेने आडवं झोपवलेलं असायचं. टेरेन्स मीडन या हवामान अभ्यासकाने त्यामागे वावटळीसारखं कारण असल्याचं मांडलं. बाकीच्यांना उडत्या तबकड्या जास्त आवडल्या. पुस्तकं निघाली, बघ्यांच्या रांगा लागल्या.

मग सप्टेंबर १९९१ मध्ये डग बोवर आणि डेव्ह चॉर्ली हे साउथहॅम्प्टनचे साठी ओलांडलेले दोन मित्र 'टुडे' या वर्तमानपत्राकडे गेले आणि म्हणाले, हे उद्योग आमचे. १९७० च्या दशकापासून ते रात्री शेतात शिरून गोल काढत होते. साहित्य काय, तर लाकडी फळी, दोरी आणि टोपीला अडकवलेलं तारेचं छोटं कडं. त्या कड्यातून लांबची एखादी खूण धरायची आणि सरळ चालत राहायचं. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टली गावाजवळच्या दलदलीत गवताचा गोल सापडल्याची बातमी गाजली होती, कल्पना त्यावरून सुचलेली.

पेपरवाल्यांनी त्यांच्याकडून एक गोल काढून घेतला आणि पॅट डेलगाडो या क्रॉप सर्कलवरच्या नावाजलेल्या अभ्यासकाला दाखवला. त्यांनी तो अस्सल ठरवला. मग खरं काय ते त्यांना सांगण्यात आलं, आणि आपण फसलो हे त्यांनी कबूलही केलं. बोवर आणि चॉर्लीला १९९२ चा इग नोबेल मिळाला.

आता तुम्ही म्हणाल, दोन माणसं सगळे गोल कसे काढतील? नाहीच काढले. त्यांचं बघून इतर शिकले. २००१ मध्ये विल्टशायरच्या मिल्क हिलवर तब्बल ४०९ वर्तुळांची नक्षी उमटली. तिचा कर्ता जाहीरपणे पुढे आला नाही, म्हणून आजही तिचं उदाहरण दिलं जातं. पण दुसऱ्याच्या शेतात शिरून पीक आडवं करणं हे नुकसानभरपाई मागण्यासारखं काम आहे. कबुली द्यायला कोण येईल? डिसेंबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शेतात अशीच नक्षी दिसली आणि जगभर बातम्या झाल्या. नंतर कळलं, एनव्हिडिया कंपनीने आपल्या नव्या चिपसाठी केलेली ती जाहिरात होती.

'पावलांचे ठसे का नसतात', हा नेहमीचा प्रश्न. तिकडच्या गव्हाच्या शेतात ट्रॅक्टरच्या चाकांच्या वाटा आधीच असतात, त्यावरून आत जाता येतं. आणि 'ताटांची पेरं वाकलेली कशी?' झोपवलेलं पण जिवंत पीक पुन्हा वर उठायला बघतं आणि पेरापाशी वाकतं. वाऱ्याने लोळलेल्या आपल्याकडच्या भातातही हे दिसतं.

आता कोकण. पनवेलचा पळस्पे फाटा सोडला आणि मुंबई-गोवा हायवेने खड्डे मोजत तीनशेहून अधिक किलोमीटर खाली गेलं की राजापूर तालुका लागतो. इथले डोंगरमाथे म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट सडे. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावागावांत विचारपूस करत, पायी फिरून हे सडे पालथे घातले. गुराख्यांना, गावातल्या जुन्या माणसांना यातली बरीच चित्रं आधीपासून माहीत होती. कोकणात जुन्या कामाला पांडवांचं नाव द्यायची रीतच आहे. आज रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून दीड हजारांहून अधिक कातळशिल्पं नोंदली गेली आहेत. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची चित्रं भरलेली आहेत. बारसूला एक माणूस आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाघासारखे प्राणी.

'एवढं मोठं चित्र आकाशातूनच दिसतं, म्हणजे ते आकाशातल्यांसाठीच', हा युक्तिवाद इथे हमखास येतो. पण डग आणि डेव्ह रात्रीच्या अंधारात, जमिनीवरूनच याहून मोठी नक्षी काढत होते.

देवाचे गोठणे इथलं प्रकरण जरा मजेशीर आहे. तिथल्या मानवाकृतीवर होकायंत्र ठेवलं की सुई भरकटते. हे खरं आहे. जांभ्यात लोह भरपूर असतं, आणि वीज पडली तर लोहयुक्त खडकाचा एखादा तुकडा चुंबकासारखा वागू शकतो, हे भूगर्भशास्त्राला माहीत आहे. शिवाय ज्यांनी चित्र कोरलं त्यांच्याकडे होकायंत्र कुठे होतं?

म्हणजे एलियन नाहीत. पण बनावटही नाही. खरी अडचण काळ ठरवण्याची आहे. कार्बन डेटिंगला लाकूड, हाड, कोळसा असं काहीतरी लागतं. दगडात कोरलेल्या रेषेत ते नसतं. म्हणून चित्रांकडेच बघावं लागतं. त्यात गेंड्यासारखे प्राणी आहेत, जे आज कोकणात नाहीत. शेतीची दृश्यं नाहीत. त्यावरून ही शिकार करून जगणाऱ्या लोकांची कला असावी, असं राज्य पुरातत्त्व विभागाचे तेव्हाचे संचालक तेजस गर्गे यांनी २०१८ मध्ये मांडलं होतं. काही चित्रं १२ हजार वर्षांपर्यंत मागे जाऊ शकतात, असा अंदाज आहे. ती माणसं कोण, नंतर कुठे गेली, हे अजून उलगडलेलं नाही.

उलगडायचं तर आधी सडे राहायला हवेत. २०२२ मध्ये कोकणातली आठ आणि गोव्यातलं फणसामळ अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यातल्याच बारसूच्या सड्यावर एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं आणि मोठं आंदोलन झालं. ते निदान टीव्हीवर दिसलं. चिऱ्याच्या खाणी, नवे रस्ते, सुरुंग लावून केलेल्या आंब्याच्या बागा यांची बातमी होत नाही, आणि यादीबाहेरची चित्रं त्यातच जातात. 'एलियनचं काम' म्हणून शेअर होणाऱ्या पोस्टमध्ये तर गावाचं नावही नसतं.

बघायला जायचं असेल तर गावातल्या कुणाला तरी सोबत घ्या, आणि चित्रावर पाय देऊ नका. वेळ सकाळची किंवा ऊन उतरतानाची धरा. भर दुपारी रेषांना सावली नसते, आणि १८ मीटरचा हत्तीही समोर असून दिसत नाही.